‘आयबीएसच आहे, तपासण्या नकोत’ या मेसेजबद्दल

गिरगावातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय: ‘सारखे जुलाब, पोटात मुरडा म्हणजे आयबीएसच. तपासण्या नकोत, टेन्शन सोडा.’ आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याला सूज किंवा इजा नसतानाही पोट वारंवार बिघडण्याचा त्रास. पण हा मेसेज अर्धवट आहे. सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार), क्रोन्स (आतड्याला सूज येणारा आजार), आतड्याचा टीबी, दूध न पचणं, यांतही पोट असंच बिघडतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सिलिॲकसाठी टीटीजी ही रक्ततपासणी असते, आतड्याची सूज कळायला स्टूलची कॅलप्रोटेक्टिन. पण लोक आधीच पोळी बंद करून येतात, आणि मग टीटीजी चुकीची निगेटिव्ह येऊ शकते. तपासणीआधी गहू सोडू नका. शौचातून रक्त, वजन उतरणं, ताप, जुलाबाने रात्री झोपमोड, हे आयबीएसवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. (सरसकट कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासणं, लागत नाही, घाबरू नका.) तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याखाली हे टाका.