कोर वाढले, पण वेळेचं काय?
प्रोसेसरमधल्या कोरवरच्या (म्हणजे एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या त्याच्या भागांवरच्या) लेखातलं ‘कोर दुप्पट केले की काम निम्म्या वेळात’ हे वाक्य काही पटलं नाही. कामाचा १० टक्के भाग जरी एकामागून एकच करावा लागत असेल, तरी कितीही कोर लावा, वेग १० पटींच्या वर जात नाही; संगणकतज्ज्ञ जीन अमडालने हे १९६७ मध्येच मांडलंय. एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांत, डोकेदुखी आणखी वेगळी. माझ्या कोडमध्ये दोन कोरचे दोन काउंटर शेजारी-शेजारी, एकाच ६४ बाइटच्या कॅश लाइनमध्ये (कोरजवळच्या वेगवान मेमरीतल्या एका तुकड्यात) बसले होते. एका कोरने लिहिलं की दुसऱ्याकडची त्या लाइनची प्रत बाद, ती पुन्हा आणा! दोन दिवस मी लॉक (एका कोरला दुसऱ्यासाठी थांबवणारं कुलूप) शोधत बसलो, लॉक नव्हतंच कुठे. दोन काउंटरच्या मध्ये पॅडिंग, म्हणजे रिकामे बाइट, टाकलं, सुटलो. मोटर कंट्रोलला तर सरासरी वेगाचं कौतुकच नाही. जास्तीत जास्त किती उशीर होईल, ते आधी सांगा. तिथे बाजूला मायक्रोकंट्रोलरमधला एक साधा कॉर्टेक्स-एम कोरच बरा.