एक भिंत निवडा

धर्मोपदेशक व्हायचं मनावर घेतलंच असेल, तर अभ्यासाच्या भानगडीत पडू नका. आधी गाळा बघा. पुण्यात सातारा रस्त्याला बघा, कात्रजला बघा, खाली टायर-पंक्चरचं दुकान असलं तरी चालेल. ११ महिन्यांचा करार, पन्नासेक प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माइक. उरलेले सगळे पैसे कॅमेऱ्यात घाला. खुर्च्या भरल्या नाहीत तरी बिघडत नाही, कॅमेऱ्याची पाठ खुर्च्यांकडेच असते.

हे मी मनचं सांगत नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या टेंपी गावात स्टीव्हन अँडरसन नावाच्या पाद्रीबुवांनी २००५ साली 'फेथफुल वर्ड बॅप्टिस्ट चर्च' काढलं. मनोरा नाही, घंटा नाही, रंगीत काचा तर नाहीतच. बरीच वर्षं दुकानांच्या रांगेतली जागा. बुवांकडे कॉलेजची पदवी नाही, पण बायबलचे १४० हून जास्त अध्याय शब्दन् शब्द पाठ आहेत, असं चर्चनं स्वतःच अभिमानानं सांगितलं होतं. पाठांतर म्हटलं की पुणेकराची मान आपोआप डोलते, तेव्हा हा मुद्दा तुम्हीही पत्रिकेवर ठळक छापा. अर्थाचं कुणी विचारत नाही.

अर्थ लावायची वेळ आलीच, तर तो कसा लावावा? १६११ सालच्या इंग्रजी बायबलात, किंग जेम्सच्या, 'भिंतीवर मुतणारा' असा शब्दप्रयोग सहा वेळा येतो. मूळ हिब्रू बोलण्यात त्याचा अर्थ एवढाच, की पुरुष. पुढच्या बऱ्याच भाषांतरकारांनी मुकाट्यानं 'पुरुष' लिहून टाकलं. आपल्या बुवांनी त्यावर प्रवचन दिलं. जर्मनीत त्यांना म्हणे बसून करायला सांगितलं होतं. त्यावरून पुरुष कसे नामर्द झाले, राष्ट्रं कशी बुडाली, इथपर्यंत गाडी गेली. आणि नवी भाषांतरं? तो तर जगाची सत्ता हाती घेऊ पाहणाऱ्यांचा कट.

या कसोटीवर पुणे हे पृथ्वीतलावरचं सगळ्यात पुरुषार्थी शहर ठरावं. आपल्याकडे हा पुरुषार्थ आवरायला भिंतीवर गणपती, साईबाबा, क्रूस आणि मक्का-मदिना यांच्या टाइल्स ओळीनं बसवाव्या लागतात. सर्वधर्मसमभाव आपण गुडघ्याच्या उंचीवर तरी नक्कीच आणला आहे.

असो. गाळा झाला, पाठांतर झालं, आता शत्रू हवा. तो एकटा नको, मोठा हवा आणि शक्यतो दूरचा. ऑगस्ट २००९ मध्ये बुवांनी 'मी बराक ओबामांचा द्वेष का करतो' असं प्रवचन दिलं आणि राष्ट्राध्यक्षांच्या मरणाची प्रार्थना केली. दुसऱ्याच दिवशी फिनिक्सला ओबामांच्या सभेबाहेर त्यांच्याच मंडळीतला एक माणूस खांद्याला रायफल अडकवून उभा होता. तिथल्या कायद्यानं तो गुन्हा नव्हता. इथं तुम्हाला चेहरा निरागस ठेवण्याचा सराव पाहिजे. मी कुठं काय केलं? मी तर नुसती प्रार्थना केली.

मग ज्यू. हिटलरनं ६० लाख माणसं मारली ही थाप आहे, असंही सांगायचं. साक्षीदार आता फार उरले नाहीत, त्यामुळे वाद घालायला समोर कोण येणार? आणि जून २०१६ मध्ये ओरलँडोच्या समलिंगींच्या क्लबात ४९ जणांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा बुवांनी केलं तसं करायचं. प्रेतांची ओळख पटत होती तोवर कॅमेऱ्यासमोर उभं राहून ती आनंदाची बातमी आहे असं म्हणायचं. जमेल ना? आवाज चढवायचा नाही. दूधवाल्याचा हिशेब सांगतो तसं सांगायचं.

यानंतर देशोदेशीच्या प्रवेशबंद्या येतील. घाबरू नका, त्या मिरवायच्या असतात. दक्षिण आफ्रिकेनं सप्टेंबर २०१६ मध्ये बुवांना दार बंद केलं. बोट्स्वानानं तर रेडिओवर मुलाखत दिल्या दिल्या देशाबाहेर काढलं. २०१८ मध्ये जमैका, २०१९ मध्ये आयर्लंड. आयर्लंडनं १९९९ च्या कायद्यातला, परक्याला देशात येऊ न देण्याचा अधिकार पहिल्यांदा वापरला तो यांच्यासाठी. लोकांना पीएचडी करूनही असं पहिलेपण मिळत नाही.

पुण्यात श्रोते मिळतील का, ही शंका काढून टाका. वेड आयात करावं लागेल अशी या शहराची परिस्थिती कधीच नव्हती. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे आणि आणखी बरेच जण व्याख्यानाला गेले. पुढ्यात चहा आला. कुणी प्याला, कुणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशींनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि एका कपावरून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, मग प्रायश्चित्तं. चहावर एवढं होत असेल, तर तुमच्याकडे अख्खा माइक आहे.

एवढं करूनही धीर होत नसेल, तर आमच्या सोसायटीतल्या काकांना भेटा. निवृत्त माणूस, रोज पहाटे तळजाईला जातात. गेल्या महिन्यात त्यांनी ग्रुपवर एक इंग्रजी व्हिडिओ टाकला. टाय लावलेला माणूस समलिंगींना शिव्या देत होता. वर काकांची ओळ : 'परखड विचार. आपल्याकडे असं बोलायची हिंमत आहे कुणात?'

मी खाली उतरलो. काका बाकावर बसून बूट झटकत होते.

"काका, हा पाद्री आहे."

"असेल."

"त्याच्या हिशेबानं तुम्ही, मी, वहिनी, सगळे नरकात जाणार. आपला गणपतीसुद्धा त्याच्या लेखी सैतान."

काकांनी दुसरा बूट उचलला, त्यातला खडा काढला, बोटांत धरून नीट बघितला.

"तेवढं सोडून दे रे," ते म्हणाले. "बाकी मुद्दे पटण्यासारखे आहेत."

संध्याकाळी व्हिडिओचा दुसरा भाग आला.