‘बॉण्ड काढा, निवांत झोपा’? असं नसतं हो

कुडाळपासून चिपळूणपर्यंत चिरेखाणवाले, क्रशरवाले, वाळूवाले यांच्यात सध्या एक मेसेज फिरतोय: "अमेरिकेसारखा शुअरिटी बॉण्ड आता आपल्याकडेही. दोन टक्के हप्ता भरा. अनामत नको, तारण नको. खड्डा बुजवायचा राहिला, दंड लागला, तरी कंपनी भरणार. परवाना संपला की हप्ता परत." मला एकाच दिवशी तिघांनी पाठवला. त्यातलं पहिलं वाक्य तेवढं पूर्ण खरं. शुअरिटी बॉण्ड म्हणजे विमा कंपनीने आपल्या वतीने सरकारला दिलेली हमी.

विमा नियामकाची या बॉण्डसाठीची मार्गदर्शक तत्त्वं १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि त्याच डिसेंबरात पहिला असा बॉण्ड बाजारात आला. अमेरिकेतही अनेक राज्यं वाळू-खडीच्या खाणीला परवाना देताना जमीन पूर्ववत करण्याची हमी मागतात, ती बॉण्डने देता येते.

घोळ आहे तो ‘कंपनी भरणार’मध्ये. गाडीचा विमा दोघांतला व्यवहार. हा तिघांतला: सरकार घेणेकरी, आपण देणेकरी, कंपनी जामीन. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२६ मध्ये हेच तीन पक्ष आहेत. कलम १४५ म्हणतं, जामिनाने रास्तपणे भरलेली रक्कम देणेकऱ्याने त्याला भरून द्यायची. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहून पोळलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. तो पैसे भरतो आणि दुसऱ्या दिवशी कर्जदाराच्या पडवीत येऊन बसतो. समजा १० लाखांचा बॉण्ड, वर्षाचा हप्ता २० हजार. चिऱ्याची खाण तशीच उघडी टाकलीत, सरकारने बॉण्ड वटवला. कंपनी १० लाख देईल आणि ते तुमच्याकडूनच, वर खर्चासह, वसूल करेल. २० हजार गेले ते गेलेच.

दंडाचं तर विचारूच नका. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली विनापरवाना उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. परवान्याच्या अटींची हमी देणारी कंपनी चोरट्या उपशाला कशाला जामीन राहील? गोंधळ बहुधा शब्दाचा आहे. पकडलेला डंपर सोडवताना मालक जो बॉण्ड लिहून देतो तो कलम ४८(८) चा, स्वतःचाच. त्यात तिसरा कुणी नसतो. शिवाय आपण साध्या स्टॅम्पपेपरलाही बॉण्डच म्हणतो!

‘तारण नको’ हे मात्र अर्धं खरं. बँक हमीसाठी मुदत ठेव अडकते. बॉण्डमध्ये सहसा कमी अडकतं, खेळतं भांडवल हातात राहतं. मोठ्या क्रशरवाल्याला तो फायदा आहेच. पण कंपनी ताळेबंद मागते, विवरणपत्रं मागते. खाडीत होडी घालून हातपाटीने वाळू काढणाऱ्याकडे कुठला आलाय ताळेबंद?

हप्ता परत मिळत नाही. परत मिळते ती अनामत, तीही अटी पाळल्या तर.

आणि हा बॉण्ड आपल्याकडे घेतील का? केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या वित्तीय नियमांत तो मान्य केला, पण वाळू, खडी, जांभा ही गौण खनिजं. त्यांचे नियम राज्याचे. हप्ता भरण्याआधी निविदेतली अनामतीची अट वाचा. तिथे ‘रोख किंवा बँक हमी’ एवढंच असेल, तर खनिकर्म शाखेतून बॉण्ड तसाच परत घेऊन याल.