डोक्याला मार लागलेल्याला रात्रभर जागवायचं?

‘डोक्याला मार लागला तर रात्रभर झोपू देऊ नका. टेंगूळ आलं म्हणजे रक्त बाहेर आलं, आत धोका नाही. सीटी स्कॅन साफ आला की निर्धास्त राहा. दुखलं तर ॲस्पिरिन द्या आणि आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहू द्या.’ अशा आशयाचा मजकूर घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतो. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण यातला प्रत्येक सल्ला घातक ठरू शकतो.

आधी झोपेचं. झोपल्यामुळे मेंदूत रक्तस्राव होत नाही. कवटीच्या आत रक्त साचू लागलं की माणूस पेंगुळतो आणि पुढे बेशुद्ध होतो. लोकांनी त्या पेंगेलाच दोषी धरलं. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेल्या, नीट बोलता-चालता येणाऱ्या माणसाला झोपू द्या. त्याला विश्रांतीची गरज आहे. शिवाय रात्रभर जागवलेला माणूस सकाळी चिडचिडा आणि गोंधळलेला असणारच. तो जागरणाने तसा झालाय की मार लागल्याने, हे तुम्ही कसं ओळखणार?

जागायचं ते घरच्यांनी. पहिले 24 तास जाणतं माणूस जवळ हवं. डॉक्टरांनी मधूनमधून उठवायला सांगितलं असेल तर पूर्ण जागं करा. नाव विचारा, आपण कुठे आहोत ते विचारा, दोन्ही हात उचलायला सांगा. नुसतं ‘हूं’ करून कूस बदलली तर ते उत्तर समजू नका. जाग येत नसेल, डोकेदुखी वाढतच चालली असेल, पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, आकडी आली, जीभ जड झाली, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव आला, तर लगेच 108 ला फोन करा. कांदा हुंगवण्यात आणि तोंडात पाणी घालण्यात वेळ घालवू नका.

टेंगूळ येतं ते कवटीच्या बाहेर, कातडीखाली. त्याच्या आकारावरून आतलं काहीच कळत नाही. कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने धमनी जाते. ती फाटली तरी माणूस काही काळ अगदी ठणठणीत वाटू शकतो. अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च 2009 मध्ये कॅनडात बर्फावर स्कीइंग शिकताना पडल्या. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून त्यांनी वैद्यकीय मदत नाकारली. थोड्याच वेळात डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांनी, वयाच्या 45व्या वर्षी, त्या गेल्या.

सीटी साफ असणं ही दिलाशाची गोष्ट आहे, पण तो स्कॅन त्या वेळेपुरतं बोलतो. मेंदूला बसलेला हादरा त्यात दिसतही नाही. लॉर्ड्सवर ऑगस्ट 2019 मध्ये जोफ्रा आर्चरचा चेंडू लागल्यावर स्टीव्ह स्मिथ तपासण्या पार करून पुन्हा फलंदाजीला आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास जाणवू लागला आणि त्याला सामन्याबाहेर व्हावं लागलं. आजी-आजोबांच्या बाबतीत तर आत हळूहळू झिरपणारं रक्त कित्येक आठवड्यांनी त्रास देतं. बाथरूममध्ये पडलेल्या आजी महिन्याभराने विसराळू झाल्या, चालताना झोक जाऊ लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

ॲस्पिरिनने रक्त गोठायला अडथळा येतो, म्हणून ती मनाने देऊ नका. बहुतेकांना पॅरासिटामॉल चालते. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठाच. मात्र त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

आठवडाभराची अंधारी खोली हा सल्लाही जुना झाला. मेंदूच्या हादऱ्यावर 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरच्या तज्ज्ञांचं एकमत झालं, ते असं: पहिले 24 ते 48 तास बेताची विश्रांती, मोबाईल कमी, आणि त्रास फारसा वाढत नसेल तर फेऱ्या मारण्यासारखी हलकी हालचाल. मुलांनी आधी शाळेत रुळावं, मग पायरीपायरीने आणि डॉक्टरांच्या परवानगीने मैदानात उतरावं. पहिला हादरा पुरता ओसरण्याआधी दुसरा बसला तर जीवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुचाकीची किल्ली घरच्यांनी आपल्याजवळ ठेवावी.