गडद भिंतींच्या जेवणाच्या खोलीबद्दल तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय मी, आराखडा काढणारी माझी सहकारी आणि रंगकाम पाहणारे आमचे मुकादम, असा तिघांनी एकत्र बसून वाचला. तुम्ही एकच तारा दिलात आणि तीन गोष्टी लिहिल्यात: गडद हिरव्या भिंतींमुळे जेवणाची खोली रात्री गुहेसारखी वाटते, आठ खुर्च्या सांगूनही सहाच बसवल्या, आणि "घर आमचं, हौस मात्र तुमची". शेवटचं वाक्य फार लागलं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

पहिल्या भेटीत तुम्ही मला आजींचं तांबूस लाकडाचं, काचेच्या दारांचं कपाट दाखवलं होतंत. त्याची एक काच नंतर बसवलेली आहे आणि आधीची कशी फुटली, हेही हसत हसत सांगितलं होतंत. मी मात्र "खोलीत जड दिसेल" म्हणून ते आत हलवायला लावलं. तुम्ही हो म्हणालात, पण मनापासून नाही. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. खोलीत ठसठशीत असं काहीतरी हवं, हे तुमचं म्हणणं मी रंगावर नेलं. तुमच्या डोळ्यांसमोर ते कपाट होतं.

नुसत्या रंगाच्या हिशोबानेही माझं चुकलंच. पॅरिसच्या गोबलँ या विणलेल्या भित्तिपटांच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल-युजेन शेव्रल यांच्याकडे एकदा तक्रार आली, की काळा रंग फिका दिसतो. त्यांनी शोध घेतला तेव्हा रंगात खोट सापडली नाही. शेजारच्या रंगांमुळे तो काळा निस्तेज भासत होता. रंग एकमेकांना कसे बदलतात यावर त्यांनी 1839 मध्ये मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. हिरव्याशेजारी तांबडा आला की दोन्ही खुलतात, हे आम्ही या धंद्यात पहिल्या वर्षी शिकतो. तुमच्या हिरव्या भिंतीला ते तांबूस लाकूडच हवं होतं, आणि मी नेमकं तेच काढलं.

आता अंधाराबद्दल. शेड कार्डावर बहुतेक रंगांचा एलआरव्ही दिलेला असतो, म्हणजे तो रंग किती प्रकाश परतवतो याचा आकडा. तो 0 ते 100 असा मोजतात. तुमच्या हिरव्याचा 8 आहे, म्हणजे पडलेला बहुतेक सगळा प्रकाश भिंतच पिऊन टाकते. अशा खोलीत एका दिव्यावर भागत नाही. टेबलावर एक, कोपऱ्यात एक आणि भिंतीवर निदान एक, असे वेगवेगळ्या उंचीवरचे दिवे लागतात आणि त्यांचा उजेड कमी-जास्त करता यायला हवा. आम्ही एकच लटकता दिवा दिला, तोही टेबलापासून 120 सेंटिमीटर वर. तो 75 ते 90 सेंटिमीटरवर असता, तर उजेड ताटावर पडला असता आणि बल्ब डोळ्यांत गेला नसता. शिवाय बल्ब 6500 केल्विनचा, थंड पांढरा. त्या उजेडात हिरवा काळपट होतो आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा आजारी दिसतो. तिथे 2700 केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर, आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) 90च्या वरचा बल्ब हवा होता.

या सगळ्याच्या मुळाशी आमचीच घाई आहे. रंगाचा नमुना आम्ही तुम्हाला दुपारी बाराच्या उन्हात दाखवला, तोही तळहाताएवढा. ज्या खोलीत तुम्ही मुख्यतः रात्री बसता, तिचा रंग रात्रीच ठरवायला हवा होता.

खुर्च्यांबाबत मात्र मला तुमच्याशी असहमत व्हावं लागेल. खोलीची लांबी 330 सेंटिमीटर आणि टेबल 180. माणशी 60 सेंटिमीटर धरले की लांब बाजूंना तीन-तीन माणसं ऐसपैस बसतात. दोन्ही टोकांना 75-75 सेंटिमीटर उरतात. तिथे कुणी बसलं तर त्याच्या मागून भांडं घेऊन जायला जागा राहत नाही, त्यासाठी 90 तरी लागतात. आणि एका टोकाला स्वयंपाकघराचं दार आहे. घडीच्या दोन खुर्च्या भिंतीला टांगून ठेवता येतील, पाहुणे आले की काढायच्या. हे मी कामाच्या वेळीच समजावून सांगायला हवं होतं.

तुम्ही भिंती पुन्हा पांढऱ्या करायचं लिहिलं आहे. एक विनंती आहे: आधी आम्हाला दिवे बदलू द्या, कपाट परत जागेवर आणू द्या, आणि आठ दिवस त्या खोलीत जेवून पाहा. त्यानंतरही हिरवा नकोसा वाटला तर तुम्ही म्हणाल तो रंग आम्ही देऊ. दिवे, बसवणी, रंग, सगळा खर्च आमचा. तोपर्यंत तुमचा एक तारा तसाच राहू द्या, तो बदला असं मी म्हणणार नाही.

मुकादम उद्या तुम्हाला फोन करतील. भेट अंधार पडल्यावरची ठरवा. पाच-सहा प्रकारचे बल्ब आणि हिरव्याच्या तीन छटांचे हातभर लांबीचे फलक घेऊन मी स्वतः येतो.