मोकळी मेमरी दाखवा!

कालपासून माझ्या नावावर एक तक्रार आहे : ‘डेटाबेस सर्व्हरची मेमरी ९७ टक्के भरलेली असूनही संबंधितांचे दुर्लक्ष.’ संबंधित म्हणजे मी. डॅशबोर्डवरची लाल पट्टी कुणीतरी साहेबांना नेऊन दाखवली आणि मीटिंग लागली.

सर्व्हरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. लिनक्सला रॅम (म्हणजे ही मेमरी) रिकामी पडलेली खपत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेलं तो तिथेच ‘कॅश’ म्हणून ठेवतो, पुन्हा लागलं तर पटकन मिळावं म्हणून. दुसऱ्या कुणाला जागा हवी झाली की काढून टाकतो. लोकांचा गोंधळ होतो म्हणून लिनक्सवर काम करणाऱ्या रिक व्हॅन रील यांनी २०१४ साली कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ३.१४ आवृत्तीत ‘मेमअव्हेलेबल’, म्हणजे अंदाजे किती मेमरी वापरायला मिळेल, हा वेगळा आकडाच आणला. आमच्या डॅशबोर्डच्या कानावर ते अजून आलेलं नाही. तो एकूणातून ‘फ्री’, म्हणजे अगदी रिकामी मेमरी, वजा करतो आणि लाल होतो.

साहेबांना हे पटत आलं होतं. पण अकाउंट्सचे काका सही घ्यायला आले होते आणि एसी बरा लागतोय म्हणून बसून राहिले होते.

“फ्री किती?”

“१.९ जीबी.”

“आणि वापरायला मिळेल किती?”

“३८.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “मोकळी दोनसुद्धा नाही, पण मिळणार अडतीस. अरे, असा ताळेबंद मी दिला तर मला आत टाकतील.”

मग त्यांनी खिशातून कॅल्क्युलेटर काढला आणि ‘टॉप’ ह्या चालू प्रोग्रॅमच्या यादीतल्या एकेका प्रोसेसची मेमरी मांडायला घेतली. हे तेच काका, ज्यांनी माझं रात्री दोनचं रिक्षाचं बिल ‘पावती नाही’ म्हणून अडवलं. सर्व्हर बसला म्हणून धावत आलो होतो, रिक्षावाल्याकडे पावती कुठून मागू? ते पैसे अजून आलेले नाहीत. असो.

“११२!” काका म्हणाले. “मशीनमध्ये ६४, खर्च ११२?”

मी सांगितलं की पोस्टग्रेसच्या (आमच्या डेटाबेसच्या) सगळ्या प्रोसेस १६ जीबीचा एकच तुकडा सामाईक वापरतात आणि काकांनी बेरजेला घेतलेला ‘आरएसएस’ हा आकडा तो प्रत्येकीच्या नावावर धरतो. ‘पीएसएस’ ह्या दुसऱ्या आकड्यात वाटणी होते, एक पान (मेमरीचा छोटा तुकडा) चौघींत असेल तर प्रत्येकीला पाव.

“मग तेच का नाही दाखवत?”

“मोजायला वेळ लागतो, काका. प्रत्येकीची पानं चाळावी लागतात.”

“आम्ही नाही चाळत? बरं, हे १.९ तरी पैशापैशाला बरोबर ना?”

आता खोटं कसं बोलू? प्रत्येक सीपीयू मोकळ्या पानांची आपली घटवाढ आधी स्वतःजवळ ठेवतो. ती मर्यादेबाहेर गेली (जास्तीत जास्त १२५ पानं) किंवा सेकंदभर उलटला, की मुख्य आकड्यात जमा करतो. सगळे दर वेळी एकाच आकड्याला हात घालायला लागले तर एकमेकांना अडवत बसतील.

काकांचा चेहरा उजळला. “किरकोळ खर्चाचं पाकीट!”

अगदी तेच. इतक्या वर्षांत घरच्यांनाही मी काय करतो ते कळलेलं नाही आणि हा माणूस एका वाक्यात तिथे पोचला. मला भरूनच आलं. म्हटलं, “त्यामुळे बेरीज कधी क्षणभर उणे येते, काका. तेव्हा कर्नल शून्य दाखवतो.”

“उणे आलं की शून्य?” काका हळूहळू साहेबांकडे वळले. “साहेब, ह्यांचं ऑडिट करून घ्या.”

झालं. निर्णय असा, की दर तासाला कॅश पुसून टाकायचा. कॅश पुसणारं ‘ड्रॉप कॅशेस’ हे चाचणीसाठी आहे, एरवी वापरू नये, असं कर्नलच्या दस्तऐवजातच लिहिलंय, हे मी सांगितलं. साहेब म्हणाले, “पण पट्टी हिरवी होते ना?”

होते. मग डेटाबेसच्या फायली पहिल्यापासून डिस्कवरून वाचल्या जातात, सेल्सचे रिपोर्ट लटकतात आणि फोन मला येतात. तिकिटात कारणाचा रकाना सक्तीचा आहे. तिथे ‘साहेब’ लिहून चालत नाही, म्हणून मी ‘नेटवर्क’ लिहितो. नेटवर्कवाला आता माझ्याशी बोलत नाही.