डियाझ पडला, आणि आम्ही तिघे गप्प बसलो

परवा आमच्या फँटसी बेसबॉल लीगच्या चॅटवर परत तोच वाद पेटला, की ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडणं, चालू असताना एखाद्याला एखादी बातमी आधी कळली तर त्याने ती बाकीच्यांना सांगावी का. मी तिथे काही बोललो नाही कारण माझं तोंड या बाबतीत फारसं स्वच्छ नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

आधी थोडं समजावतो. ड्रीम इलेव्हनमध्ये मी कोहलीला घेतला तरी तुम्हालाही घेता येतो. आमच्या फँटसी बेसबॉलमध्ये तसं नाही. न्यू जर्सीच्या आमच्या ऑफिसची लीग, बारा टीम, प्रत्येकी ५० डॉलर, आणि एक खेळाडू एकाच टीमचा, एकदा गेला की गेला. निवड स्नेक पद्धतीने, म्हणजे पहिल्या राउंडला एक ते बारा आणि दुसऱ्याला बारा ते एक, त्यामुळे पहिला नंबर ज्याला लागतो त्याची पुढची पाळी थेट चोविसावी. मधल्या वेळात नुसतं बघत बसायचं. खेळ सगळा माहितीचा. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि मंडळींनी न्यूयॉर्कात हा प्रकार सुरू केला तेव्हा लोक पेपरातले बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या आकड्यांचे तक्ते, बघून हाताने हिशोब मांडायचे, म्हणजे जो जास्त खपला त्याला जास्त कळलं. हे मला आजही मान्य आहे. तुम्ही पैसे भरून प्रोजेक्शन, म्हणजे पुढच्या सीझनचे अंदाज, विकत घ्या, रात्र रात्र जागून बुलपेनच्या, म्हणजे राखीव पिचरच्या, बातम्या वाचा, ते तुमचं आहे, कुणाला सांगू नका, काही बिघडत नाही.

आता १५ मार्च २०२३, बुधवार. वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशादेशांमधल्या स्पर्धेची मॅच मायामीत, प्युर्तो रिको विरुद्ध डॉमिनिकन रिपब्लिक, आणि कमिशनरने, म्हणजे आमची लीग चालवणाऱ्याने, नेमका त्याच रात्री ड्राफ्ट ठेवलेला. एडविन डियाझ म्हणजे तेव्हाचा सगळ्यात भारी क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखणारा पिचर, २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्सकडून ३२ सेव्ह (राखलेल्या मॅच), इआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या रन) १.३१, ६२ इनिंगमध्ये ११८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). त्याने नववी, म्हणजे शेवटची इनिंग संपवली, त्याची प्युर्तो रिको जिंकली, पोरं मैदानात उड्या मारत नाचायला लागली आणि त्या नाचण्यात हा खाली बसला तो उठेचना. व्हीलचेअरवरून नेला.

आमचा तिघांचा एक वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप होता. मी, एक नागपूरचा, एक साताऱ्याचा. सुरुवातीला नियम समजून घ्यायला केलेला, नंतर त्यात काय काय यायला लागलं ते सांगायला नकोच. सातारकर मॅच बघत होता, त्याचा मेसेज आला, मराठीत, "डियाझचा गुडघा गेला बहुतेक, घेऊ नका." ड्राफ्ट तिसऱ्या राउंडला होता, डियाझ यादीत सगळ्यात वर दिसत होता, ॲपवर अजून दुखापतीचं कसलंही लाल चिन्ह नाही. आमच्या तिघांच्या पाळ्या आल्या आणि तिघांनीही त्याला सोडला.

आमच्यानंतर लगेच ज्यांनी घेतला ते आमच्या ऑफिसातले सिनियर. लहानपणापासून मेट्सचे. मला मेट्सच्या सिटी फील्ड मैदानावर पहिली मॅच दाखवायला तेच घेऊन गेले होते, स्कोअरकार्ड कसं भरायचं तेही त्यांनीच शिकवलं. त्या रात्री ते मुलीला प्रॅक्टिसवरून आणायला गेलेले, गाडीत बसून फोनवर निवडत होते. डियाझ मिळाला म्हणून चॅटवर ट्रम्पेटची इमोजी टाकली, कारण डियाझ मैदानात येतो तो ट्रम्पेटच्या गाण्यावर. मी ती बघितली आणि लॅपटॉपसमोर तसाच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी गुडघ्याचं टेंडन पूर्ण फाटल्याचं कळलं, सीझन गेला. दोघांतिघांनी म्हटलं त्यांना दुसरा खेळाडू निवडू द्या. कमिशनर नाही म्हणाला आणि तो बरोबर होता असं माझं अजून मत आहे, मॅच टीव्हीवर होती, बघणाऱ्याला दिसली, प्रत्येक बातमीसाठी मागे जायला लागलो तर ड्राफ्ट जूनपर्यंत संपायचा नाही.

पण आमचं प्रकरण वेगळं होतं. सातारकराने बघितलं आणि स्वतःपुरतं ठेवलं असतं तर ठीक. सगळ्यांना सांगितलं असतं तर उत्तमच. त्याने निवडून दोघांना सांगितलं, आणि आम्ही ते वापरलं, तेही अशा भाषेत जी बाकीच्या नऊ जणांना वाचता येत नाही. मेंढीकोटात भिडूला डोळा मारला तरी पानं आपटून भांडणारी माणसं आपण, आणि मेंढीकोटात निदान भिडू तरी असतो! इथे बारा जण बारा टीमचे, एकमेकांचे कुणीच नाही असं धरूनच तर ५० डॉलर काढलेले. "मित्रांनाच तर सांगितलं" हे मी स्वतःला बरेच दिवस ऐकवलं, पण बाकीचे नऊ जण मग कोण होते?

मागच्या वर्षी लंचला मी सिनियरना हे सगळं सांगून टाकलं. ते हसले. म्हणाले, ड्राफ्टची यादी मी नंतर बघितली होती, अंदाज आला होता. मग सँडविच खाली ठेवून म्हणाले, "खरं सांगू, तुम्ही तिघांनी एकामागोमाग त्याला सोडला ना, तेव्हा मला वाटलं आज आपलं नशीब जोरावर आहे."